मोठेपणी इंग्रजी शिकताना

आज मला तुमच्याशी इंग्रजीविषयी बोलायचे आहे. पण शाळेत जाणाऱ्या मुलांच्या इंग्रजीविषयी नव्हे. ज्यांची शाळा सुटून वीस-पंचवीस वर्षे लोटली, ज्यांच्या मागे शेत, संसार, दूधदुभते लागले आहे, आणि आता या वयात ज्यांना वाटू लागले आहे की, अरे, चार ओळी इंग्रजी आली असती तर किती बरे झाले असते, अशा मोठ्या माणसांसाठी हे बोलणे आहे. अशांना शिकवायला जे शिक्षक संध्याकाळी वेळ काढतात, त्यांनीही ते ऐकावे अशी विनंती आहे.

तालुक्याच्या गावी मी काही दिवस मोठ्यांचा इंग्रजीचा वर्ग घेत असे. पहिल्याच आठवड्यात एक बाई आल्या. बाई हुशार. बचत गटाचे हिशेब त्यांच्या तोंडावर असत. धाकट्या मुलाला त्यांनी हौसेने इंग्रजी शाळेत घातले होते. एके दिवशी त्या शाळेतून चिठ्ठी आली. बाईंचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंत. अक्षरे लागत होती. 'प्लीज' माहीत होते, 'सेंड' फोनवर रोज दिसे, 'टिफिन' तर घरचाच शब्द, आणि 'टुमॉरो' मुलाच्या तोंडून ऐकलेला. म्हणजे उद्या डबा पाठवा! बाई पहाटे उठल्या, पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली आणि डबा भरून दिला.

चिठ्ठीत लिहिले होते, 'प्लीज डू नॉट सेंड टिफिन टुमॉरो.' शाळेतच मुलांना जेवण होते, डबा पाठवू नका, असा त्याचा अर्थ. संध्याकाळी मुलगा घरी आला तो भरलेला डबा तसाच घेऊन. म्हणाला, "आई, सगळी हसली मला. तू आता शाळेत येऊ नकोस."

हे सांगताना बाई रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, चार शब्द मला आले होते हो. दोनच राहिले."

श्रोतेहो, त्या राहिलेल्या दोन शब्दांविषयीच मी बोलणार आहे. कारण माझा अनुभव असा की, मोठ्या माणसाचे इंग्रजी अडते ते अवघड शब्दांवर नव्हे. मोठे शब्द त्याला पुष्कळ येतात. अडते ते अगदी लहान शब्दांवर.

पटत नसेल तर आज रात्री एक वही घ्या आणि आपल्या रोजच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द लिहून काढा. शेतावर मोटर, पंप, पाईप, व्हॉल्व्ह, स्टार्टर, फ्यूज, ट्रॅक्टर, ट्रॉली. घरात गॅस, कुकर, मिक्सर, ग्लास, टेबल. बँकेत पासबुक, चेक, लोन, व्याज सोडले तर बाकी सगळेच! दवाखान्यात डॉक्टर, नर्स, इंजेक्शन, सलाईन, रिपोर्ट. एसटीत तिकीट, पास, कंडक्टर, स्टॉप. वहीची पाने भरतील. हे शब्द तुम्हाला कोणी शिकवले? कोणी नाही. कामाबरोबर ते आले. तेव्हा 'मला इंग्रजीचे ओ की ठो कळत नाही' हे म्हणणे आजपासून बंद करा. धान्य घरात आहे; ते निवडून, पाखडून घ्यायचे आहे.

पाखडायचे अशासाठी की, काही शब्द आपल्याकडे येऊन थोडे बदलले आहेत. आपण चहा प्यायला 'हॉटेलात' जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाला उतरण्याची जागा. आपली 'लाईट जाते'; इंग्रजीत लाईट म्हणजे उजेड किंवा दिवा, वीज नव्हे. आपण पंखा 'बंद' करतो आणि दारही 'बंद' करतो. इंग्रजीत दाराला 'क्लोज' किंवा 'शट' चालते, पंख्याला मात्र 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' म्हणावे लागते. म्हणून शब्द एकटा पाठ करू नये, त्याच्या सोबत्यासह करावा. आपण मराठीत आंघोळ 'करतो', इंग्रज ती 'घेतो': 'टेक अ बाथ'. आंघोळीचा शब्द लिहिताना हा 'टेक' शेजारी लिहून ठेवला, की पुढे चूक होत नाही.

आणि देवघेव काही एकतर्फी नाही, बरं का. आपल्या बांधावरचे मुंगूस इंग्रजांनी आपल्या भाषेत नेले. त्यांचा 'मोंगूस' हा शब्द मराठीतूनच गेलेला आहे. गंमत अशी की, इंग्रजीत एक हंस-बदक 'गूस', आणि अनेक झाले की 'गीस'. पण अनेक मुंगसे झाली तर 'मोंगीस' होत नाही, 'मोंगूसेस' होते. पाहुणा शब्द असल्यामुळे त्याला घरचा नियम लागला नाही!

आता त्या लहान शब्दांकडे वळू. 'नॉट, टू, फ्रॉम, इन, ऑन, ॲट, बाय, विथ, ऑफ, फॉर, बिफोर, आफ्टर, ऑर, इफ.' असे वीस-पंचवीस शब्द आहेत. दिसायला मुंगीएवढे, पण वाक्याचा अर्थ त्यांच्या हाती. औषधाच्या पुडीवर 'बिफोर फूड' असेल तर गोळी जेवणाआधी घ्यायची, 'आफ्टर फूड' असेल तर जेवणानंतर. पावतीवर 'पेड टू' असेल तर ज्याला पैसे दिले त्याचे नाव, आणि 'पेड बाय' असेल तर ज्याने दिले त्याचे. म्हणजे एका 'टू' आणि 'बाय'ने देणारा आणि घेणारा बदलतो! फवारणीच्या औषधाच्या डब्यावर 'डू नॉट' दिसले, तर पुढचे काम करायचे नाही, हे आधी कळले पाहिजे. पुढचे शब्द मग सावकाश लावता येतील.

हे शब्द आपल्याला का चुकतात? त्याचे कारण आपण मंद आहोत हे नव्हे. कारण मराठीच्या घडणीत आहे. मराठीत हे काम शब्दाच्या मागे जोडलेली प्रत्यये आणि शब्दयोगी अव्यये करतात. घरात, घरातून, घरावर, घरासाठी, जेवणाआधी. म्हणजे आपले कान शब्दाच्या शेवटाकडे लागलेले असतात. इंग्रजीत हेच काम करणारा शब्द पुढे चालतो: 'इन द हाउस', 'फ्रॉम द हाउस', 'ऑन द हाउस', 'फॉर द हाउस', 'बिफोर फूड'. मराठीत जी शेपटी, ती इंग्रजीत शिंगे. जनावर ओळखायचे तर आता पुढून पाहायची सवय लावायची, एवढाच फरक.

या मागच्या प्रत्ययांनी आपल्याला आणखी एक मोकळीक दिली आहे. 'वाघाने शेळीला मारले' म्हणा, 'शेळीला वाघाने मारले' म्हणा, नाहीतर 'मारले शेळीला वाघाने' म्हणा; मेली ती शेळीच. 'ने' आणि 'ला' यांनी कोण कोणाला हे सांगून ठेवले आहे. इंग्रजीत तिथे प्रत्यय नाहीत, जागा आहे. 'द टायगर किल्ड द गोट' यात शेळी मेली. नावांची जागा बदलून 'द गोट किल्ड द टायगर' म्हणालात, की शेळीने वाघ मारला! म्हणून साध्या इंग्रजी वाक्यात पहिला करणारा, मग क्रियापद, मग ज्याच्यावर क्रिया घडली तो, ही रांग मोडायची नाही. 'मी चहा पितो' असे आपण म्हणतो. इंग्रज 'मी पितो चहा' अशा क्रमाने बोलतो: 'आय ड्रिंक टी'. आठ दिवस घरात थट्टेने मराठीच या रांगेत बोलून पाहा. मुले हसतील, पण रांग अंगवळणी पडेल.

क्रियापदाचे म्हणाल, तर तिथे इंग्रजी मराठीहून सोपी आहे. मराठीत मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तुम्ही जाता, ते जातात. इंग्रजीत 'आय गो, यू गो, वुई गो, दे गो', सगळीकडे एकच 'गो'. फक्त तो, ती किंवा ते एकटे असले, की शेवटी एक 'स' किंवा 'झ' येतो: 'ही गोज, शी गोज'. तो एवढा सांभाळला की झाले. खुर्ची ती, पाट तो आणि टेबल ते, हे घोकण्याची कटकट इंग्रजीत नाही. निर्जीव वस्तू बहुधा 'इट'. आणि 'माझे एक शेत आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याजवळ पैसे आहेत', 'मला ताप आहे' अशी आपली चार तऱ्हेची वाक्ये इंग्रजीत एकाच 'हॅव'ने भागतात: 'आय हॅव अ फार्म, आय हॅव टू ब्रदर्स, आय हॅव मनी, आय हॅव अ फीव्हर'.

प्रश्न विचारताना आपण शेवटी 'का' लावतो: 'तू गेलास का?' इंग्रजीत प्रश्नाची खूण पुढे येते: 'डिड यू गो?' इथे पुष्कळजण 'डिड यू वेंट' म्हणतात. एक लक्षात ठेवा. भूतकाळाचे ओझे एकदाच उचलायचे. 'डिड'ने ते खांद्यावर घेतले, मग 'गो'ने मोकळे चालावे. 'आय डिड नॉट गो' यातही तेच.

आता 'अ' आणि 'द'. हे दोन आपल्याला फार छळतात, कारण मराठीत त्यांच्या जोडीचे ठराविक शब्द नाहीत. पण आजीच्या गोष्टीची सुरुवात आठवा. 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा राजा आला तेव्हा तो 'एक', ओळख झाल्यावर 'तो'. इंग्रजीतही पहिल्यांदा 'अ किंग', मग 'द किंग'. याहून बारीक नियम आहेत, पण सुरुवातीला आजीचा नियम पुष्कळ दूर नेतो. आणि उच्चार स्वराने सुरू झाला तर 'अ'चा 'ॲन' होतो: 'ॲन एग', 'ॲन अवर'. इथे अक्षर पाहायचे नाही, कानाने ऐकायचे.

आदराचे एक सांगतो. मराठीत तू, तुम्ही आणि आपण. इंग्रजीत सगळ्यांना 'यू'. साहेबाला 'यू' म्हणताना आपली जीभ अडखळते, जणू एकेरीवर आलो. तसे काही नाही. तिथला आदर 'प्लीज', 'सर', 'मॅडम', 'कुड यू' अशा शब्दांत असतो. तसेच काका, मामा आणि आत्याचा नवरा हे सगळे तिथे 'अंकल'. मामाचे मामापण त्यात मावत नाही, पण व्यवहार भागतो.

उच्चाराला लोक सर्वांत भितात. साहेबासारखे बोलता आले पाहिजे असा हट्ट नको. ऐकणाऱ्याला कळले पाहिजे, इतकेच. त्यासाठी तीन-चार गोष्टी पुरेत. 'फळ' म्हणताना आपले दोन्ही ओठ मिटतात. 'फोन', 'फॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवून वारा सोडा. 'व्हॅन' आणि 'व्होट' यांनाही तेच दात लावा. पण 'वॉटर', 'विंडो' यांना दात नको, शीळ घालताना करतो तसे ओठ गोल करा. आपण मराठीत 'व्ह' आणि 'व' असे वेगळे लिहितो, ते याचसाठी. 'पेन' आणि 'पॅन', 'मेन' आणि 'मॅन' यांतला फरक दाखवायला आपल्या लिपीने 'ॲ'ची चंद्रकोर घेतलीच आहे. तिचा मान राखा.

दुसरे, शब्दावरचा जोर. मराठीत आपण पंगतीत वाढावे तसे प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वाढतो. इंग्रजी शब्दात एकाच्याच पानावर तुपाची धार पडते, बाकीच्यांना कोरडे. 'डेव्हलप' म्हणताना धार मधल्या 'व्हे'वर, 'हॉटेल' म्हणताना शेवटच्या 'टेल'वर. हे कोशातून कळते, पण ऐकून लवकर कळते. तिसरे, भूतकाळाचा 'एड'. 'वॉकेड' नाही, 'वॉक्ट'; 'प्लेएड' नाही, 'प्लेड'. क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड ऐकू येत असेल, तरच वेगळा 'एड' उच्चारायचा: 'वाँटेड', 'नीडेड'.

आणि स्पेलिंग? 'नाइफ' आणि 'नो' यांच्या तोंडाशी 'के' बसलेला, 'लिसन'च्या पोटात 'टी'. हे पाहून माणूस घाबरतो. पण तो 'के' एके काळी खरोखर बोलला जात असे. इंग्लंडात कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टर इथे छापखाना घातला. पुढे छापून छापून स्पेलिंगे हळूहळू गोठली आणि उच्चार मात्र बदलत पुढे गेले. जसे आपण 'ज्ञान' लिहितो आणि 'द्न्यान' म्हणतो. 'चंद्र'मधला च आणि 'चमचा'मधला च एकच लिहितो आणि दोन तऱ्हांनी बोलतो. जुन्या भाषांचे असेच असते. तेव्हा स्पेलिंग चुकले तर तो आपल्या बुद्धीचा दोष मानू नका.

खरा अडथळा वेगळाच आहे. तो म्हणजे लाज. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे त्या काळात ज्याची शाळा सातवीला सुटली, त्याच्या वाट्याला इंग्रजीची मोजकी तीन वर्षे आली. त्यात त्याचा काय अपराध? रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने आधी मराठी शिकवले, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खात, टोमणे सोसत त्या शिकल्या, आणि ते सगळे त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवले. ते १९१० साली निघाले. उलट बाजूने पाहा. मोल्सवर्थ नावाचा इंग्रज कंपनी सरकारच्या फौजेत इकडे आला, परकी मराठी शिकला, आणि इथल्या शास्त्र्यांच्या मदतीने त्याने मराठी-इंग्रजी कोश तयार केला. तो १८३१ साली छापला गेला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, आणि अभ्यासक तो आजही उघडतात. त्यालाही एके दिवशी 'तो, ती, ते' चुकतच शिकावे लागले असणार!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, म्हणून तुम्हाला एक मागणे आहे. मोठा माणूस बाकावर बसतो तेव्हा तो आपली प्रतिष्ठा दाराबाहेर ठेवून आलेला असतो. त्याला हसू नका, दुसऱ्याला हसू देऊ नका. तो वाक्य बोलत असताना मध्येच प्रत्येक चूक दाखवू नका. वाक्य पुरे होऊ द्या, अर्थ कळल्याचे सांगा, मग एकच चूक दुरुस्त करा. व्याकरणाची नावे घोकून घेण्याआधी त्याच्या खिशातली पावती, औषधाची पुडी, बँकेचा फॉर्म फळ्यावर आणा. ज्याची गरज त्याला आज आहे, ते त्याच्या लक्षात उद्याही राहते.

आणि शिकणाऱ्यांनो, तुम्हाला दिवसाला पंधरा मिनिटे पुरेत, पण ती रोज हवीत. एका दिवशी एकच लहान शब्द घ्या. त्याची तीन वाक्ये करा, आपल्या घरची, आपल्या शेताची. ती मोठ्याने म्हणा. मनात म्हटलेले इंग्रजी जिभेवर येत नाही. हातात फोन असेल तर त्यात आपला आवाज भरून ऐका. घरात शिकणारे मूल असेल, तर त्याला गुरू करा. त्यात कमीपणा नाही. आईबाप शिकताना दिसले, की मुलालाही आपल्या चुकांची लाज वाटेनाशी होते.

त्या बाईंचे पुढे काय झाले, हे सांगून संपवतो. चारेक महिन्यांनी मुलाला ताप आला. बाईंनी शाळेसाठी स्वतः चिठ्ठी लिहिली आणि पाठवण्याआधी मला दाखवली. 'माय सन हॅज फीव्हर. ही विल नॉट कम टुडे.' 'फीव्हर'च्या आधीचा 'अ' राहिला होता. तो मी पुढच्या वर्गात सांगितला. त्या दिवशी एवढेच म्हणालो, "बाई, चिठ्ठी जाऊ द्या. अर्थ अगदी स्वच्छ आहे."

'नॉट' आपल्या जागी होता. चिठ्ठी मुलाच्या मोठ्या बहिणीने शाळेत नेऊन दिली, आणि या वेळी कोणी हसले नाही.

श्रोतेहो, वही आजच घ्या.